एझराचं मोल

— हातातून चेंडू सुटायचा म्हणे! कुणी सांगितलं हो दादा तुम्हाला हे? शहरात ऐकलंत? शहरातल्यांना काय, तोंड आहे आणि वेळ आहे. नाही, नाही, उठू नका, रागावले नाही मी, माझा आवाजच असा आहे. बसा त्या खोक्यावर, वरच्या अंगाची गाडी यायला वेळ आहे अजून. सुपारी घ्या. ती पुढची नको, ती मी नवख्यांना खपवते, ही मागची घ्या, किनाऱ्यावरून काल आलेली, ओली आहे. चुना इथं, त्यात बुडवून चावायची तिखट शेंग इथं. हां. तर चेंडू. सुटला, खोटं कशाला बोलू, कपाच्या फायनलला दोनदा सुटला, पाऊस होता आणि तो वर बघत होता, डोळ्यात पाणी जाणारच. ते सगळ्यांनी बघितलं. पण जे शंभर चेंडू सुटले नाहीत ते कुणी बघितले का? नाही बघितले. का? कारण ते पडायच्या आधीच माझा पोरगा तिथं जाऊन उभा असायचा, धावपळ नाही, उडी नाही, आपला उभा, बागेतून पपई तोडायला गेल्यासारखा. लोकांना वाटायचं चेंडूच त्याच्याकडे गेला. अहो, चेंडू कशाला जाईल कुणाकडे?

रग्बीत फुलबॅकची जागाच वाईट, दादा. पुढचे बारा जण एकमेकांच्या अंगावर पडतात, त्यात कोण चुकला, कोण झोपला, रेफरीला पण कळत नाही. आणि हा सगळ्यांच्या मागे एकटा. तो चुकला की अख्खं मैदान बघतं. मी त्याला म्हणायचे, अरे पुढं खेळ, गर्दीत खेळ, गर्दीत माणूस लपतो. तो हसायचा. म्हणायचा, आई, मागून सगळं दिसतं. आणि वाद तर काय विचारू नका — ह्याच छत्रीखाली, ह्याच खोक्यावर, दर सोमवारी. एझरा मोठा की त्या खालच्या गावचा फुलबॅक मोठा, एझराला राजधानीचा, मोरेस्बीचा क्लब नेणार की नाही नेणार, नेला तर किती देणार, तिथून ऑस्ट्रेलियाला जाणार की नाही. एकदा दोघांनी माझी सुपारीची अख्खी टोपली उलथवली ह्या वादात. आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? माझ्या मोठ्या दिराचा, कोपेचा. सख्खा चुलता. पण कुंपणापाशी उभा राहून काय ओरडायचा माहितीय? हाताला डुकराची चरबी फासून आलास का रे! बायकोच्या हातात दे चेंडू, ती तरी धरेल! लग्न नव्हतं झालेलं एझराचं, तरी हे. मला राग यायचा, पण शेंगदाणे विकायला उभी असायचे तिथं, गिऱ्हाईकासमोर दिराशी कुठं भांडू? पुड्या बांधत राहायचे.

आणि नदीपलीकडचे, केफासोचे लोक — ते आपले शत्रू बरं का, खेळात म्हणते मी, खेळात — ते एझरावर जीव टाकायचे. त्यांच्या विरुद्ध खेळतो तरी. त्यांच्यात एक सिमियोन म्हणून आहे, भाषणं करणारा, बघितलाही असेल तुम्ही. त्यानं धाकट्या पोराचं नाव एझरा ठेवलं. खरंच सांगते. बायको पोराला घेऊन आली होती इथं, पायावर घालायला, म्हणजे ह्याच्यासारखे पाय व्हावेत म्हणून. मी त्या पोराला भाजलेलं रताळं दिलं होतं.

पायांचं म्हणाल तर... राहू दे. तुम्हाला माहीतच असेल त्या दिवशी काय झालं, सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. नाही? तुम्ही नव्हता? बरं. केफासोबरोबरच होती मॅच, रविवारी, चर्चनंतर. त्यांनी चेंडू उंच मारला, असा उंच की मी वर बघितलं तर ऊनच दिसलं. एझरा खाली उभा. धरला. दोन्ही हातांनी छातीशी धरला, सुटला बिटला काही नाही. आणि पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोवर त्यांचा तो पोरगा आला, सायलस, खांदा ह्याच्या मांडीत घातला, आणि उचलला, आणि उलटा केला. पोतं उलटं करतात तसा. हे मी बघितलं नाही, मागाहून ऐकलं. माझ्यासमोर माणसं होती. मला फक्त लोकांचा ओरडा ऐकू आला, एवढा मोठा ओरडा, मला वाटलं आपला ट्राय झाला, गुण मिळाले — आणि मी पण ओरडले. नाचले मी, दादा. टोपली वर धरून नाचले. शेजारच्या बाईनं माझा हात धरला तेव्हा थांबले. त्या आरोळीचं मला काय होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक. वाटसरूला सांगितलेलं बरं असतं.

मान. मानेपासून खाली काही नाही. मोठ्या दवाखान्यात ठेवला पुष्कळ दिवस, लोक चांगले होते, पण शेवटी म्हणाले, आई, इथं ठेवून काही बदलणार नाही, घरी न्या, कुशी बदलत राहा, नाही तर पाठ सडेल. असं स्पष्ट सांगितलं. बरं झालं सांगितलं. तोंड चालतं त्याचं, डोकं चालतं. बोलतो. तेच तर. बोलतो म्हणून तर सगळं ऐकतो.

मग भरपाईची सभा, केफासोच्या लोकांनी आम्हाला किती द्यायचं ते ठरवायला. कुठं? मैदानावरच. दुसरी सपाट जागा आहे कुठं ह्या खोऱ्यात? आमचे ओनागुवाचे लोक एका बाजूच्या गोलखांबांखाली, केफासोचे दुसऱ्या बाजूच्या, बायका कुंपणाशी. आणि एझरा? एझरा मधोमध. पलंगासकट उचलून नेला, वर छत्री धरली. न्यायलाच हवा म्हणाला कोपे — माल बघितल्याशिवाय भाव कोण करणार? असं नाही म्हणाला, पण तेच म्हणाला. आणि दादा, काय सांगू, त्या दिवशी जग उलटं झालं. कोपे उभा राहिला. रडला. खरे अश्रू. म्हणाला असा फुलबॅक ह्या डोंगरात जन्मला नाही आणि जन्मणार नाही, ह्याच्या हातातून आयुष्यात चेंडू सुटला नाही, ऑस्ट्रेलियावाले रांग लावून होते. मेल्या म्हशीला मणभर दूध! चरबी फासून येतो म्हणणारा हा. आणि त्याच्यामागून सगळे, एकेक जण उठतोय आणि वाढवतोय, ट्राय वाढवतोय, ज्या मॅचला हा तापानं घरी झोपला होता त्या मॅचचे पण ट्राय मोजले. मग सिमियोन उठला. पोराचं नाव एझरा ठेवणारा. तो म्हणाला, कोण एझरा? ठीक होता. गावच्या मानानं ठीक. डाव्या पायानं मारता यायचं नाही, शेवटची दहा मिनिटं दम टिकायचा नाही, फायनलला दोन चेंडू टाकले ते मुलाबाळांनी बघितलेत. मोरेस्बीचा माणूस दोनदा येऊन बघून गेला, विचारलं का त्यानं? असल्याला पूर्ण माणसाचा भाव कशाला, आणि माणूस तर जिवंत आहे.

जिवंत आहे, हे म्हणाला. बोट दाखवून.

मी एझराजवळ जाऊन बसले होते, बायकांनी जायचं नसतं, पण गेले, माशा वारायला. तो आभाळाकडे बघत होता. हळूच म्हणाला, आई, सिमियोन बरोबर बोलतोय, मोरेस्बीचा माणूस काही न विचारताच गेला होता. आणि डाव्या पायाचं पण बरोबर. कोपेकाका खोटं बोलतोय, पण ऐकायला गोड लागतं. आणि हसला. मला वाटलं माझं काळीज कुणीतरी पिळून वाळत घातलं. अख्खं आयुष्य ज्यांनी शिव्या दिल्या ते कौतुक करतायत पैशासाठी, आणि ज्यांनी कौतुक केलं ते शिव्या देतायत पैशासाठी, आणि हा पोरगा तिथं पडल्या पडल्या कोणाचं खरं ते तपासतोय.

मग सायलस उठला. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. बाप आलेला नव्हता त्याचा, आजारी म्हणाले, लाजेनं आला नसेल. चुलतभाऊ शेजारी होते, त्यांनी शर्ट ओढला खाली, तरी उठला. मोठा आहे अंगानं, पण आवाज बारीक. म्हणाला, सिमियोनकाका, तुम्ही मागून बघता, मी समोरून खेळलोय. तीन वर्षं मी दर रात्री विचार करतो ह्याला कसा पकडायचा. डावीकडून गेलो, उजवीकडून गेलो, वाट बघितली, फसवलं. मला नाही पकडता आला. कुणालाच नाही आला. म्हणून उचलला. पकडता येत नव्हता म्हणून उचलला, दुसरं कारण नाही.

संपलं.  सिमियोन खाली बसला तो उठलाच नाही. आपल्याच पोरानं सांगितल्यावर आता काय घासाघीस करणार? जास्तीत जास्त भाव ठरला, कॉफीचा पैसा हातात आला की द्यायचा. आमचे लोक नाचत घरी आले. आणि पलीकडे काय झालं? त्या पोराच्या सख्ख्या चुलतभावांनी त्याची कॉफीची झाडं तोडली. सगळी. लालभडक फळ लागलेलं, पंधरा दिवसांत तोडणी होती. तुझ्या जिभेनं आम्हाला विकलंस म्हणाले, आता तुझीही बाग गेली. कोयते घेऊन त्याला शोधत फिरले. तेव्हापासून तो गायब. कुणी म्हणतं किनाऱ्याला गेला, कुणी म्हणतं खाणीवर कामाला लागला. कुणाला माहीत नाही.

आणखी एक घ्या, चघळून झालेली दिसते. एक गाडी गेली की हो तुमची! वरच्याच अंगाची होती. गर्दी होती, बरं केलंत सोडलीत, टपावर बसून कंबर मोडते. मागे कोण आहे म्हणता? खोपटात? एझराच आहे. रेडिओ लावलाय त्यानं. उचलायला वळवायला माझा भाचा आहे, माझ्या माहेरचा, भावाचा मुलगा. खोकला आहे त्याला, छातीचा, म्हणून लोक इकडे फिरकत नाहीत, आणि तो पण बाहेर येत नाही. चांगला आहे पोरगा. हातात जोर आहे. मी एकटी काय करणार होते? एझराचा बाप हा पोटात असताना गेला, कोपेची पोरं पहिले आठ दिवस आली, मग कुणाची बाग, कुणाची मॅच. एकदा अख्खी सकाळ मी त्याला एका कुशीवरून दुसरीवर करायला धडपडत होते, मी ही एवढीशी, आणि तो घामानं निसटतोय माझ्या हातातून, आणि तो म्हणाला, राहू दे आई, चेंडू सुटला तर सुटला. अशा वेळी चेष्टा सुचते त्याला. मी बाहेर जाऊन उलटी केली.

आता बरं आहे. भाचा असा अलगद वळवतो, एक हात मानेखाली, एक कमरेखाली, एझराला कळतसुद्धा नाही, म्हणजे तसं कळत नाहीच. पाठीवर एक फोड नाही. अंघोळ घालतो, दाढी करतो. आणि बोलतात किती दोघं! खेळाचंच. हा म्हणतो तू डावीकडे झुकला होतास, एझरा म्हणतो ती हूल होती बैला, मी उजवीकडे जाणार होतो, आणि सायलस म्हणतो, मला माहीत होतं म्हणून तर मी खाली—

नाही. भाचा. सायमन त्याचं नाव. सायमन म्हणाले मी.

असं का बघता? अहो, ह्या वयात नावं फिरतात. बरं. बरं, तुम्ही पोरकट नाही, मीही नाही. तुम्ही आता गाडीत बसाल आणि जाल, तुमचा काय संबंध ओनागुवाशी आणि केफासोशी? कुणाजवळ बोललात तर माझ्या घराला आग लागेल, एवढं लक्षात ठेवा. देणं फिटेपर्यंत त्यांच्या माणसाला घोटभर पाणी द्यायचं नसतं, त्यांच्या हातचं घ्यायचं नसतं, हे लहान पोराला पण कळतं. आणि मी त्याला माझ्या चुलीवरचं घालते, रोज. कळलं तर आमचेच लोक मला विचारतील, पोराची मान मोडणारा तुझ्या ताटात जेवतो, मग भरपाई कशाची मागायची? आणि त्याला तर मारतीलच. पण मी बोलावला नव्हता त्याला. झाडं तोडली त्याच्या दुसऱ्या पहाटे दार उघडलं तर हा मागच्या ओट्यावर बसलेला, गुडघ्यात डोकं. मला वाटलं डुक्कर शिरलंय. मी कोयता आणायला आत वळले, आणि एझरा आतून म्हणाला, आई, वळव मला. मी बाहेर बघितलं, आत बघितलं. मग म्हटलं, ऊठ. पाय धर त्याचे. एवढंच म्हटलं. तो उठला आणि त्यानं पाय धरले. एझरा त्याच्याकडे किती वेळ बघत होता. मग म्हणाला, ह्या वेळेला सरळ ठेव मला. आणि दोघंही — हसले की रडले मला नाही सांगता येत, मी चूल पेटवायला गेले.

तेव्हापासून आहे. रागवायचं राहूनच गेलं माझं. आधी खूप ठरवलं होतं, समोर आला तर हे म्हणेन, ते म्हणेन, नखानं डोळे काढेन. पण ज्यानं सकाळी तुमच्या पोराचं ढुंगण धुतलं त्याला दुपारी शिव्या देता येतात का? नाही येत. मी करून बघितलंय.

त्याची माणसं? त्याची माणसं काय... अजून राग आहे म्हणजे... नाही. खरं सांगू? आता एवढं सांगितलंच आहे. राग नाही राहिला त्यांचा. परवाच एक बाई आली होती केफासोची, आत्या असावी त्याची, पूल ओलांडून एकटी. इथंच बसली, तुम्ही बसलात तिथंच. तिला काय माहीत होतं कुणास ठाऊक, बायकांना वास लागतो. म्हणाली, ताई, भावांची डोकी थंड झालीत, रडतायत, नवीन रोपं आणून ठेवलीत, आणि बापानं अंथरूण धरलंय, पोरगं कुठं दिसलं तर एवढं सांग, घरी ये म्हणावं. मी म्हटलं, कुठलं पोरगं? आमच्या दारात तुमचं पोरगं कसं येईल, आमचं निजवून ठेवलंय ना तुम्ही. ती मीठ, साखर आणि एक शर्ट ठेवून गेली, दिसला तर दे म्हणून. साखर एझराच्या चहात घातली. शर्ट चुलीत घातला. चांगला होता शर्ट, निळा.

आणि सायलसला काय सांगते म्हणता? संध्याकाळी छत्री मिटून आत गेले की तो विचारतो, आई, आज काय खबर? आई म्हणतो मला. मी सांगते, पुलापाशी आहेत रे. कोयते घेऊन बसलेत. कधी पाववाल्यानं बघितलं, कधी पास्टरच्या मेहुण्यानं बघितलं, दर वेळी नवीन माणूस सांगावा लागतो, आता माणसंसुद्धा संपत आली माझ्याकडची. तो मान खाली घालतो आणि रताळी सोलायला घेतो. पाप आहे. मला कळतं पाप आहे ते. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते आताशा. पण तुम्हीच सांगा दादा, एवढा वेळ मोलाचं चाललंय ना आपलं, फुलबॅकचं मोल किती, ह्याचं किती, त्याचं किती — डुकरं येतील, पैसे येतील, कोपे मधोमध उभा राहून वाटेल, मला आईचा वाटा म्हणून दोन डुकरं येतील, बऱ्यापैकी मोठी. ती डुकरं एझराला कुशीवर वळवणार आहेत का? दाढी करणार आहेत? रात्री त्याला भीती वाटली की त्याच्याशी त्या शेवटच्या चेंडूवर भांडणार आहेत? मला भरपाई मिळाली आहे. मला मिळाली ती मी कुणाला परत देणार नाही. ते सगळे पुरुष मैदानावर बसून काय ठरवायचं ते ठरवोत.

तुम्ही... रडताय?

अहो, माझ्या पोराची मान मोडली ते सगळं ऐकलंत, हूं हूं करत सुपारी चघळलीत. मला वाटलं, चांगला माणूस आहे, पण कोरडा आहे. आणि आता एका शर्टाचं ऐकून— थांबा. इकडे बघा. तोंड पुसू नका, इकडे बघा माझ्याकडे. ही हनुवटी. सायलस असाच रडतो. आवाज नाही काही नाही, नुसती हनुवटी हलते. तू वरच्या अंगाचा नाहीस. तू गाडी गर्दीसाठी नाही सोडलीस. अंथरूण धरलंय म्हणे! नदी ओलांडून आलास की अंथरुणातून.

बस. बस म्हणते ना खाली. ओरडायचंय? ओरड. बघ तिकडे, झाडाखाली पत्ते खेळतायत ना, ती कोपेची पोरं. देणं फिटलेलं नाही, आणि तू एकटा आमच्या बाजूला, आणि तुझा पोरगा त्यांच्या घरांच्या मधोमध. तू एक हाक मार. पुलापर्यंत दोघंही पोचाल असं वाटतं तुला? मला नाही वाटत. धमकी देत नाही मी, मला कसली धमकी देता येते, जे आहे ते सांगते. मी ओरडणार नाही. तू पण ओरडू नकोस.

हात नको जोडू. कुणी बघेल. हे बघ — धड आहे तुझा पोरगा. दोन पायांवर उभा राहतो. जेवतो, दोन माणसांचं जेवतो, परवा रेडिओवर मॅच होती तर इतका हसला की मला बाहेर ऐकू आलं. माझ्यापाशी येऊन कुणी एवढं सांगितलं असतं ना, तर मी त्याचे पाय धुतले असते. तुला पुरत नाही? नाही पुरत. मला पण नसतं पुरलं. माहीत आहे मला. तुझ्या जागी मी असते तर हे खोपटं खांद्यानं पाडलं असतं. पण मी माझ्या जागी आहे, मी काय करू? कधीपर्यंत म्हणतोस? एझरा आहे तोपर्यंत. अशी माणसं फार वर्षं... म्हणजे दवाखान्यात म्हणाले होते... नाही, ते मी नाही बोलणार, आणि तू पण मनात आणू नकोस. तू माझ्या पोराच्या मरणाची वाट बघत घरी बसशील आणि मी ते इथं बसून ओळखेन. तसं नको करू. शप्पत घे, तसं नाही करणार म्हणून. बोल की.

— काय रे? काय म्हणतोस? कोणी नाही रे बाळा, गिऱ्हाईक आहे, वाटसरू! तू आतच राहा. हो, हो, विचारलं मी त्याला. पुलावरूनच आला आत्ता. म्हणतो, बसलेत अजून. पाच-सहा जण, कोयते घेऊन. ह्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तू बाहेर येऊ नकोस हं. एझराला वळव, डाव्या कुशीवर, आले मी.

ऊठ. गाडी आली.